डाव्या हाताची जागा

माझ्या डाव्या करंगळीच्या पेरावर एक आडवा वण आहे. पोलिसात आर्मोरर म्हणून लागलो त्याच वर्षी स्टेनगन चावली. गन रिकामी होती, बोल्ट मागे ओढलेला, डावा हात नळीवरच्या बाहीवर. रिकामी पुंगळी ज्या खिडकीतून बाहेर पडते, तिच्यात करंगळी कधी सरकली ते मला कळलंच नाही. मी घोडा दाबला. उस्तादांनी आधी माझ्या बोटाला चिंधी बांधली, मग शिवी दिली, आणि मग म्हणाले, "उजवा हात आपोआप शिकतो रे. डाव्याला शिकवावं लागतं."

पुढची तीसेक वर्षं मी हेच करत आलो. चांदमारीला पोरगा कार्बाइन घेऊन उभा राहिला की माझं लक्ष निशाण्याकडे नसायचं, त्याच्या डाव्या पंजाकडे असायचं. पंजा बघितला की गोळ्या कुठे जाणार ते कळायचं. पहिली गोळी छातीवर, दुसरी खांद्यावर, तिसरी उजव्या कानाजवळून मागच्या मातीच्या बंधाऱ्यात. नळी वर असते आणि दस्त्याचा खांद्यावरचा टेकू तिच्या खाली, म्हणून प्रत्येक धक्क्याला तोंड वर उचलतं. त्यातून या जुन्या गनमध्ये घोडा दाबला की आधी लोखंडाचा जड बोल्ट पुढे धावतो आणि मग गोळी सुटते, म्हणजे नेम पहिल्या गोळीच्या आधीच हललेला असतो. गोळी पिस्तुलाची, गन हातभर आणि वेग मिनिटाला पाचशे ते हजार. ती आवरायची कशी, या एका प्रश्नावर शंभर वर्षांत जगभरच्या कारागिरांनी जे जे उपाय केले, ते सगळे शेवटी डाव्या हातापाशी येतात असं माझं मत आहे.

1918 साली जर्मनांनी बर्गमनची एमपी 18 खंदकात उतरवली. ह्यूगो श्मायसरची ही गन म्हणजे खाली बंदुकीसारखं लाकूड आणि डाव्या बाजूला गोगलगायीसारखं बत्तीस गोळ्यांचं मॅगझिन. हाताला लाकूड होतं, तोवर कुणाला वेगळा विचार करायची गरज पडली नाही.

विचार केला तो अमेरिकनांनी. जनरल जॉन थॉम्पसनच्या 1921 च्या गनला पुढे उभी मूठ होती, बोटांसाठी खाचा पाडलेली. 1940 साली चर्चिलसाहेब तोंडात चिरूट आणि हातात टॉमीगन घेऊन उभे राहिले, त्या फोटोत ती मूठ आणि खालचं गोल मॅगझिन दोन्ही दिसतात. फोटोला फार छान. पण ती गन मिनिटाला आठशेच्या वर गोळ्या ओकायची आणि जवळपास पाच किलोची असूनही तोंड वर करायचीच. मग मरीन कोअरचे कर्नल रिचर्ड कट्स यांनी नळीच्या टोकाला बसवायचा एक तुकडा काढला, कट्स कॉम्पेन्सेटर. त्याच्या वरच्या अंगाला आडव्या चिरा असतात. गोळीमागचा वायू त्या चिरांतून वर उसळतो आणि तेवढ्याच जोराने नळीचं तोंड खाली दाबतो. प्रेशर कुकरची शिट्टी वर उडते तेव्हा कुकर खाली दबत असणार, तसंच. आजकाल पोरं ज्याला 'अॅक्सेसरी' म्हणतात, त्यातली ही पहिली नावाजलेली. जादा पैसे मोजले की मिळायची.

अमेरिकी आरमाराला वेगही कमी हवा होता. कारखान्याने आतला एक भाग जड केला, वेग सहाशे-सातशेवर आला आणि 1928 चं मॉडेल तयार झालं. शिल्लक पडलेल्या गन वाया घालवायच्या कशाला? 1921 मधल्या शेवटच्या एक्यावर आठाचा ठसा मारला आणि त्याच विकल्या. आमच्याकडच्या स्टोअरात रजिस्टरवर खाडाखोड चालत नसे. इथे तर पोलादावर खाडाखोड. पुढे लढाईच्या रेट्यात, 1942 च्या एम-1 मॉडेलपासून कॉम्पेन्सेटरही काढून टाकला. फौज मोठी झाली की नखरे आधी गळतात.

टॉमीगनचा विषय निघाला की मला माणगाव आठवतं. रायगडातल्या या तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या-पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि तिच्यामागचा माणूस निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. उरले दोन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी गन नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना संपवलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत टिपलं, ते त्याच मोर्चात पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. रिक्रूटांना टॉमीगनच्या मुठी आणि चिरा समजावून झाल्या की शेवटी मी हे सांगायचो आणि पुढे काही बोलायचो नाही.

स्टेन आली 1941 ला, शेपर्ड आणि टर्पिन या दोघांच्या नावाची आद्याक्षरं आणि एनफिल्डची पहिली दोन अक्षरं घेऊन. नळ, स्प्रिंग, वेल्डिंग, एवढाच मामला. मॅगझिन डावीकडे आडवं. हाताला तेच सोयीचं वाटतं, म्हणून सगळे तिथेच धरायचे, सिनेमात तर हमखास. आणि तिथेच घोळ होता. मॅगझिनवर भार आला की ते हलतं, गोळीची वाट तिरकी होते आणि गन अडते. 27 मे 1942 ला प्राग शहरात नाझी अधिकारी हायड्रिचच्या मोटारीसमोर योझेफ गाबचिकने स्टेन रोखली आणि ती ऐन वेळी चाललीच नाही. काम झालं ते त्याच्या साथीदाराच्या बॉम्बने. त्या अडण्याचं कारण मॅगझिन होतं असं मी म्हणत नाही. पण आमच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, अडलेली स्टेन आली की मी पहिल्यांदा मॅगझिनचे ओठ बघायचो, आणि ते वाकलेले असायचे.

रशियनांचा खाक्या वेगळा. श्पागिनच्या 1941 च्या गनमध्ये नळीवरचं जाळीदार कवचच पुढे काढलं आणि तिरकं कापलं. जादा तुकडा नको, जादा पैसा नको, कवच तेच आणि कॉम्पेन्सेटरही तेच. कट्सपेक्षा मला ही अक्कल जास्त आवडते.

माझं आयुष्य गेलं ते स्टर्लिंगवर, म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनणाऱ्या आमच्या 'नाइन एमएम कार्बाइन'वर. तिचा जनक जॉर्ज पॅचेट मुळात मोटारसायकलवाला, शर्यती मारणारा. तिकडे चेकोस्लोव्हाकियात त्याने जावा कंपनीसाठी गाड्यांची डिझाइनं केली होती. हे मला कळलं तेव्हा मी आमच्या म्हैसूरच्या जावावरून उतरलो आणि तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं. कारण कार्बाइनमध्ये ते दिसतं. मूठ शेवटी नाही, जवळपास तोलाच्या जागी आहे. गन एका हातात धरली तरी नाक खाली टाकत नाही. बोल्टवर तिरके पीळ आहेत, आत गेलेली माती तेच खरवडून बाहेर ढकलतात. चौतीस गोळ्यांचं वाकडं मॅगझिन, आत गोळ्या चढवायला दोन छोटे रूळ. दस्ता दुमडून पोटाखाली. डाव्या हातासाठी भोकाभोकांचं कवच, म्हणजे नळी तापली तरी तळवा भाजत नाही. आणि पुंगळीच्या खिडकीच्या अगदी पुढे पत्र्याचा एक छोटा कान उभा केलाय, बोट मागे घसरू नये म्हणून. त्या कानावर मी करंगळी टेकवून बघायचो. बरोबर वणाच्या जागी लागायचा.

पुढच्या गनांमध्ये हाताची सोय वाढत गेली. इस्रायलच्या उझीने मॅगझिन मुठीतच घातलं. अंधारात एक हात दुसऱ्या हाताला शोधतोच, हे त्यामागचं साधं तत्त्व. मिनिटाला हजाराच्या वर जाणाऱ्या अमेरिकी मॅक-10 ला पुढे धरायला फक्त एक पट्टा होता. मिचेल वरबेलने तिच्यासाठी आवाज दाबणारं लांब नळकांडं बनवलं आणि लोक त्यालाच मूठ समजून धरायला लागले. जर्मनांची एमपी 5 तर बंद बोल्टची, म्हणजे बोल्ट आधीच पुढे बसलेला, त्यामुळे पहिल्या गोळीला हलतच नाही. 1976 मध्ये तिची आखूड आवृत्ती आली. तिच्यात नळी इतकी छोटी, की पुढच्या उभ्या मुठीसमोर एक आकडा दिला; हात घसरून स्वतःच्याच गोळीसमोर जाऊ नये, एवढ्यासाठी.

1995 मध्ये अमेरिकेच्या लष्कराने पिकाटिनी रेलचं माप पक्कं केलं. खाचांची एक पट्टी, ठरावीक अंतरावर. तिथून पुढे गन म्हणजे खुंट्यांची भिंत झाली. टॉर्च, लाल ठिपका, मूठ, लेसर, काहीही लटकवा. चांगली गोष्ट आहे, नाकारत नाही. लाल ठिपक्याने डोळ्याचं काम निम्मं केलं, माशी आणि खाच जुळवत बसायला नको. पण अडीच किलोच्या कार्बाइनवर एक किलोचा साज चढवलेले नग मी बघितलेत, वरातीतल्या घोड्यासारखे. घोडा बिचारा पळणार कसा?

आपल्याकडे गनांच्या डिझाइनचं घर पुण्यात आहे, पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत. तिथल्या डिझाइनची जेव्हीपीसी कार्बाइन मॅगझिन मुठीत घेऊन, वर रेल घेऊन आली. मग 2021 च्या जानेवारीत महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधल्या लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी आणि एआरडीईने मिळून चार महिन्यांत केलेली 9 एमएमची 'अस्मी' जाहीर झाली. वरचं अंग विमानाच्या अॅल्युमिनियमचं, खालचं कार्बन फायबरचं, घोड्याचे भाग थ्रीडी प्रिंटरवरचे. फोटो मोठा करून मी भिंग लावलं. बायको म्हणाली, "कुणाची पत्रिका बघताय?" मी डाव्या हाताची जागा बघत होतो.

गेल्या दिवाळीत नातू प्लॅस्टिकची खेळणी-गन घेऊन आला. 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या चिलखतवाल्या शिपायांची. मी ती हातात घेतली आणि हसायलाच लागलो. 1977 च्या त्या सिनेमासाठी त्यांनी खरी स्टर्लिंगच घेतली होती. मॅगझिन आखूड केलं, वर जुनी दुर्बीण बसवली, कवचाच्या भोकांवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या, झाली परग्रहावरची बंदूक. नातवाने ती उचलली, एक डोळा मिटला, तोंडाने आवाज काढला. डावा हात मॅगझिनवर.

मी त्याचा पंजा उचलला आणि पुढे, कवचाखाली सरकवला.

"आजोबा, हे खोटं आहे," तो म्हणाला.

"असू दे. करंगळी आत घे."