जे. बी. प्रीस्टली

जॉन बॉयन्टन प्रीस्टली (१३ सप्टेंबर १८९४ – १४ ऑगस्ट १९८४) हे इंग्लिश कादंबरीकार, नाटककार, निबंधकार आणि नभोवाणीवरील वक्ते होते. 'द गुड कम्पॅनियन्स' ही कादंबरी व 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' हे नाटक यांमुळे ते विशेष प्रसिद्ध आहेत.

== जीवन ==
प्रीस्टली यांचा जन्म यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात झाला. वडील शाळाशिक्षक होते. आई लहानपणीच वारली. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते लोकरीच्या एका पेढीत कारकून झाले. १९१४ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. फ्रान्समधील आघाडीवर ते जखमी झाले आणि पुढे त्यांना विषारी वायूचीही बाधा झाली. त्यांचे अनेक बालमित्र या युद्धात मारले गेले. युद्धानंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये शिक्षण घेऊन १९२२ मध्ये ते लंडनला आले आणि लेखनावर उपजीविका करू लागले.

== कादंबरी व प्रवासवर्णन ==
फिरत्या कलापथकाची कथा सांगणाऱ्या 'द गुड कम्पॅनियन्स' (१९२९) या कादंबरीने त्यांना कीर्ती व पैसा दोन्ही दिले. लंडनमधील एका कचेरीचे चित्रण करणारी 'एंजल पेव्हमेंट' (१९३०) ही कादंबरी अधिक उदास, पण कदाचित अधिक सकस आहे. वाङ्मयीन वर्तुळात मात्र ही लोकप्रियताच त्यांच्या विरोधात गेली.

'इंग्लिश जर्नी' (१९३४) हे मंदीच्या काळातील इंग्लंडचे प्रवासवर्णन आहे. ब्रॅडफर्डला पलटणीतील जुन्या सोबत्यांचे स्नेहसंमेलन भरले, तेव्हा अंगावर घालण्याजोगे कपडे नसल्यामुळे काही जण येऊ शकले नाहीत, असे त्यात त्यांनी नोंदविले आहे. युद्धात प्राण पणाला लावणाऱ्यांची ही अवस्था करणाऱ्या समाजाविषयीचा संताप त्यांच्या पुढील लेखनात वारंवार आढळतो.

== नाटके ==
काळ सरळ रेषेतच पुढे सरकतो का, हा प्रश्न त्यांना सतत भेडसावत असे. जे. डब्ल्यू. डन यांच्या कालविषयक सिद्धान्ताचा त्यांच्यावर प्रभाव होता. 'टाइम अँड द कॉनवेज' (१९३७) या नाटकाचा पहिला अंक १९१९ मध्ये घडतो, दुसरा अठरा वर्षांनंतर, आणि तिसरा पुन्हा त्याच पहिल्या रात्री. कुटुंबाची पुढे कशी वाताहत होणार हे प्रेक्षकांना ठाऊक झालेले असते. त्यामुळे तिसऱ्या अंकातील हास्यविनोद असह्य वाटू लागतो. 'व्हेन वी आर मॅरिड' (१९३८) हे मात्र निखळ विनोदी नाटक आहे.

'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' प्रथम १९४५ मध्ये सोव्हिएत संघात रंगभूमीवर आले, कारण त्या वेळी लंडनमध्ये नाट्यगृह उपलब्ध नव्हते. नाटकाचा काळ १९१२ हा आहे. कारखानदार बर्लिंग यांच्या घरी मुलीच्या वाङ्‍निश्चयाचा समारंभ चालू असताना एक पोलीस अधिकारी येतो आणि एका तरुणीने आत्महत्या केल्याचे सांगतो. पगारवाढ मागितली म्हणून वडिलांनी तिला कामावरून काढले. मुलीने चिडून तिची दुकानातील नोकरी घालविली. भावी जावई व मुलगा या दोघांनी तिचा उपभोग घेतला. आईने धर्मादाय समितीत तिला मदत नाकारली. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार यांपैकी जवळजवळ कोणीच नाही, आणि नाटकाची धार नेमकी येथेच आहे. युद्ध होणार नाही, टायटॅनिक बुडणार नाही, असे बर्लिंग छातीठोकपणे सांगतात, तेव्हा दोन महायुद्धे पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यांची योग्यता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

== नभोवाणी व सार्वजनिक कार्य ==
१९४० मध्ये, डंकर्कच्या माघारीनंतर लगेच, बीबीसीवरून त्यांची 'पोस्टस्क्रिप्ट्स' ही भाषणमाला सुरू झाली. सैनिकांना सोडविण्यास गेलेल्या सहलीच्या लहान आगबोटींविषयी ते यॉर्कशायरच्या घरगुती उच्चारांत बोलले आणि घराघरांत पोहोचले. युद्धानंतरचा समाज अधिक न्याय्य असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे हुजूर पक्षातील काहींना खटकले. १९४१ मध्ये ही भाषणे बंद झाली. १९५७ मध्ये 'न्यू स्टेट्समन'मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखातून ब्रिटनमधील अण्वस्त्रविरोधी चळवळीला चालना मिळाली.

त्यांनी सरदारकी नाकारली. १९७७ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' मात्र स्वीकारली. पुरातत्त्वज्ञ जॅकेटा हॉक्स या त्यांच्या तिसऱ्या पत्नी होत. स्टीफन डॉल्ड्री यांनी १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' नव्याने बसविले, आणि इंग्लंडमधील शाळांत ते आजही अभ्यासले जाते.