पाणी होतं, पण जोर नव्हता

मंडळी, आज जाऊया फिलाडेल्फियाला. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवारची रात्र. 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली ऑफिस बिल्डिंगच्या २२व्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या.

एवढ्या उंचावर रस्त्यावरून पाण्याचा मारा पोचत नाही. म्हणून जिन्यातून पाण्याचा उभा पाइप नेतात. जवान वर जाऊन त्याच्या व्हॉल्व्हला होज जोडतात. दाब फार वाढला तर होज हातात धरवत नाही, म्हणून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात. इथे त्यांचंच सेटिंग चुकलेलं. पाणी आलं, पण जोर नव्हता. त्यात वीज गेली, लिफ्ट बंद. तीन जवान धुरात वाट चुकले, ते परत आलेच नाहीत.

आग १९ तासांनी आटोक्यात आली. तिला अडवलं ३०व्या मजल्यानं, कारण तिथल्या भाडेकरूनं स्प्रिंकलर बसवून घेतले होते. त्यातले फक्त १० उघडले, तेवढे पुरले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कॉन्फिगरेशनची चूक म्हणू. पण इथे टेस्टिंग झालं ते थेट आगीत.

तुमच्या जिन्यातही असा लाल पाइप असेल. त्यातून शेवटचं पाणी कधी सोडून पाहिलं, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचाराच.