काळ्या मातीवरचे घर कोरडे ठेवताना

जुन्या मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. घरे पांढरीवर बांधली जात. काळीत घर बांधण्याची कल्पना फारशी कोणाला सुचत नसे. नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठी भाषिक तहसिलींचा मिळून 2023 मध्ये स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. गावे वाढतात तशी वस्ती पांढरी ओलांडून शेतजमिनीवर पडलेल्या लेआउटमध्ये जाते. तेथे जोत्यात चढणारी ओल आणि तळघरात साचणारे पाणी यांचे मूळ बहुतेक वेळा बांधकामाच्या आधी, मातीतच असते.

या भागातील काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झाली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात जमिनीला खोल भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून थेट पायापर्यंत उतरतो. मग माती फुगून भेगा मिटतात आणि आत गेलेले पाणी अडकून राहते. गोवा-कोकणातील जांभा पाणी झिरपू देतो, काळी माती ते धरून ठेवते. सौंसर तहसिलीत मात्र सरसकट हेच चित्र नाही. भूशास्त्रात या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ‘सौंसर शैलसमूह’ बेसाल्टहून कितीतरी प्राचीन आहे आणि अशा खडकांवरची माती अनेक ठिकाणी हलकी, मुरमाड असते. म्हणून शेजाऱ्याचे तळघर कोरडे आहे, एवढ्या आधारावर आपले खोदू नये. आधी चाचणीचा खड्डा घ्यावा आणि पावसाळ्यात त्यात पाणी किती दिवस टिकते ते पाहावे.

तळघराची खरी अडचण भिंतीच्या बाहेर असते. खोदलेल्या खड्ड्यात भिंत उभी राहिली की तिच्यामागची पोकळी भुसभुशीत मातीने भरली जाते. आजूबाजूची घट्ट काळी माती पाणी सहज झिरपू देत नाही, ही भरणी देते. परिणामी घर जणू पाण्याच्या कढईत बसते आणि भिंतीवर बाहेरून सतत दाब पडतो. आतून कितीही महागडा लेप दिला तरी तो दाब त्याला सोलून काढतो. जलरोधक थर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला हवा, त्यामागे गिट्टीची भरणी आणि तळाशी छिद्रे असलेला पाइप हवा. पाइपातले पाणी उतारावर बाहेर सोडता आले तर उत्तम. ते शक्य नसेल तर छोटी विहीर करून पंप बसवावा लागतो. पण सोसाट्याचा पाऊस आला की वीजही जाते, हे धरून चालावे.

बाकी घरांसाठी सर्वांत स्वस्त उपाय छपरावर आहे. 100 चौरस मीटर छतावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5,000 लिटर पाणी जमते. वळचणीचे ते पाणी जोत्याशेजारी पडू दिले तर पायाला तळे लाभते. पन्हळीचे पाणी पाइपाने नालीपर्यंत न्यावे. घराभोवतीची जमीन पहिल्या 3 मीटरांत साधारण 15 सेंटिमीटर बाहेर उतरती असावी आणि भिंतीलगत फरसबंदीचा पट्टा असावा. पट्टा आणि भिंत यांमधील सांधा डांबराने भरावा, नाहीतर तीच नवी भेग ठरते. जमिनीतले भरपूर पाणी ओढणारी मोठी झाडे भिंतीला खेटून लावू नयेत. त्यांच्यामुळे पायाखालची माती एका बाजूनेच वाळते आणि जलरोधक थरासकट भिंत तडकते.

नवे घर बांधताना जोत्यात काळी माती भरू नये, मुरूम भरावा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (2016) जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर उंच हवे आणि तळघराचे छत किमान 90 सेंटिमीटर वर. रस्त्याचे थर दर काही वर्षांनी चढत जातात, तेव्हा ही किमान उंची पुरेशी मानणे भाबडेपणाचे आहे. जोत्यावरचा ओलरोधक थर सलग असावा. दाराशी तो तोडला की ओल तेथूनच चढते. पायासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे खांब अशा मातीत उपयोगी पडतात.

जुन्या घरात ओल दिसली की लगेच सिमेंटचा गिलावा चढवला जातो. त्याने ओल थांबत नाही, अडलेले पाणी आणखी वर चढते आणि लोणा तेथे फुटतो. आधी कारण ओळखावे. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला आले तर हवेतील बाष्पाचे थंड भिंतीवर पाणी होते आहे. दुसऱ्या स्थितीत श्रावणातल्या दमट दुपारी तळघराच्या खिडक्या उघडल्याने ओल वाढतेच.

27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरमध्ये तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरून 3 विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तळघरात झोपण्याची किंवा अभ्यासाची व्यवस्था करू नये. विजेचा मीटर आणि मुख्य बटण वरच्या मजल्यावर असावे. पाणी शिरले असल्यास वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय आत उतरू नये. पूर ओसरताच सगळे पाणी एकदम उपसण्याचा मोहही टाळावा. बाहेरची माती अजून भिजलेली असते आणि आतला आधार गेला की तिच्या दाबाने भिंत आत कोसळू शकते. पाणी टप्प्याटप्प्याने, दिवसाला साधारण एक तृतीयांश या हिशेबाने काढावे आणि प्रत्येक टप्प्यानंतर भिंतीला नवी भेग पडली आहे का ते पाहावे.