काचेवरील अक्षर : रुमर, प्याला आणि वाङ्मयेतिहास

आरंभिक आधुनिक युरोपातील अलंकृत पानपात्रे हा सामान्यतः कलेतिहासाचा विषय मानला जातो. वाङ्मयेतिहास त्यांची फारशी दखल घेत नाही. तथापि सतराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये काचेचा पेला हे कवितेच्या प्रसाराचे एक माध्यम होते, ही बाब तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

या माध्यमाची पूर्वपीठिका व्हेनिसमध्ये आहे. १२९१ साली तेथील काचभट्ट्या मुरानो बेटावर हलविण्यात आल्या. पंधराव्या शतकाच्या मध्यास अँजेलो बारोव्हिएर याने ‘क्रिस्टॅलो’ ही जवळजवळ वर्णहीन काच सिद्ध केली. अत्यंत पातळ फुंकलेल्या या काचेला खोल कोरीवकाम सोसत नसे; त्यामुळे हिऱ्याच्या टोकाने वरवर रेघा ओढण्याचे तंत्र तिच्यावर रूढ झाले. हे तंत्र उत्तरेकडे पोहोचले, तेव्हा ‘रुमर’ या तेथील हिरवट, जाड दांड्याच्या मद्यपात्रावरही ते वापरले जाऊ लागले. लेखणीसारखे धरावयाचे हे साधन सुलेखनाला अनुकूल होते.

अॅम्स्टरडॅमची कवयित्री आना रुमर्स व्हिस्खर हिने या शक्यतेचा पुरेपूर उपयोग केला. तिच्या हातचा १६२१ सालचा एक रुमर अॅम्स्टरडॅमच्या रैक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर फुले व कीटक असून सोबत इटालियन पद्यपंक्ती आहेत. डच हात, व्हेनिसचे तंत्र, उत्तरेचे पात्र आणि इटालियन भाषा असा हा संगम होय. पेला हातात फिरविल्याखेरीज ही संहिता वाचता येत नाही. वाचन आणि पान या दोन्ही क्रिया येथे परस्परांत गुंतलेल्या आहेत.

ही प्रथा केवळ युरोपीय नव्हे. जहांगीरच्या १६०७-०८ मधील जेडच्या मद्यपात्रावर फारसी काव्यपंक्ती कोरलेल्या आहेत. ते आज ब्रुकलिन संग्रहालयात आहे. मराठीतील ‘प्याला’ हा शब्द याच फारसी पानसंस्कृतीचा वारसा सांगतो.

इंग्रजीतून आलेल्या ‘ग्लास’ची कथा निराळी आहे. मुळात द्रव्यवाचक असलेला हा शब्द मराठीत पात्रवाचक झाला आणि मुंबई-पुण्याप्रमाणेच बेंगळुरूच्या मराठी घरांतही ‘स्टीलचा ग्लास’ निःसंकोच नांदू लागला. येथे द्रव्य गेले, शब्द उरला. व्हिस्खरच्या बाबतीत मात्र द्रव्यानेच शब्द राखला. छापील ग्रंथालाच साहित्य मानणाऱ्या वाङ्मयेतिहासातून अशा संहिता, आणि त्यांबरोबर एका कवयित्रीचे हस्ताक्षरही, निसटते.