ओवा, थायमॉल आणि अनवाणी पाय

पोरांच्या पोटात जंत झाले की आमच्या वस्तीतल्या आज्या ओवा आणि गूळ खायला घालत. कुणी वावडिंगाचं पाणी पाजी, कुणी पळसाच्या बिया देई. आज याच झाडपाल्यावरून दोन टोकाचे दावे ऐकू येतात. एक म्हणतो, सगळं विज्ञान आमच्या प्राचीन ग्रंथांत होतंच. दुसरा म्हणतो, ही अडाण्यांची समजूत. आम्हाला दोन्ही दावे मान्य नाहीत. इतिहास काय सांगतो ते पाहू.

1872 ते 1882 या काळात आल्प्स पर्वतात सेंट गॉटहार्डचा रेल्वे बोगदा खोदला गेला. खोदणारे बहुतेक गरीब इटालियन मजूर. आत उष्ण, दमट हवा आणि शौचाची धड सोय नाही. 1880 च्या सुमारास हे मजूर पांढरेफटक पडून मरू लागले. त्यांच्या आतड्यात अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म सापडले. आतड्याला चिकटून रक्त पिणारा हा बारीक जंत. तुरिनचे डॉक्टर कामिल्लो बोत्सोलो यांनी त्याच सुमारास त्यावर थायमॉल वापरलं आणि जंत पडू लागले.

हे थायमॉल आपल्या ओव्यात असतं. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून ओवा जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल निघे. पीक इथल्या कष्टकऱ्याचं, कारखाना तिकडचा.

म्हणजे आजी बरोबर होती? थोडा हिशेब करू. ओव्याच्या बियांत तेल साधारण 2 ते 4 टक्के आणि त्या तेलात जवळपास निम्मं थायमॉल. त्या काळी मोठ्या माणसाला 3-4 ग्रॅम थायमॉल देत. तेवढं मिळायला निदान 150 ग्रॅम ओवा लागेल. चिमूटभर ओव्याने अंकुशकृमी पडणार नाही. शिवाय थायमॉल जास्त झालं तर विषारी. सोबत दारू किंवा तेल पोटात गेलं की ते रक्तात जास्त उतरतं, म्हणून डॉक्टर ते वर्ज्य करत आणि नंतर जुलाबाचं मीठ देत. औषध झाडात होतं हे खरं. पण किती द्यायचं, कसं द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, हे तपासूनच कळलं. मद्रास इलाख्यात डॉ. म्हसकर आणि कायस यांनी जंतांवरच्या औषधांची रासायनिक घडण आणि त्यांचा गुण यांची तुलना केली, ती याच वाटेने. औषध किती जुनं आहे, यावरून त्याचा गुण ठरत नाही.

आता खरा मुद्दा. 1909 मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर कमिशनने हुकवर्मविरुद्ध मोहीम उघडली. औषध थायमॉलच. पण बरी झालेली माणसं पुन्हा आजारी पडत. कारण कैरोत आर्थर लूस यांनी आधीच शोधलं होतं. या जंताची पिल्लं मैला मिसळलेल्या ओल्या मातीत वाढतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. म्हणून औषधाबरोबर संडासांचा प्रचार करावा लागला.

मग आम्ही विचारतो, आपल्या गावात अनवाणी कोण होतं? चरकसंहितेत कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत: जंत बाहेर काढणं, त्यांना पोटात जगणं अवघड करणं आणि रोगाचं कारणच टाळणं. तिसरा उपाय आजच्या विज्ञानालाही मान्य होईल. पण ज्या व्यवस्थेने अस्पृश्यांना गावातून चप्पल घालून जायला बंदी केली, त्यांच्या डोक्यावर मैल्याची पाटी दिली, त्या व्यवस्थेने कारण टाळलं, की ते एका समाजाच्या वाट्याला बांधून दिलं? ग्रंथाचा अभिमान सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळेत, अंगणवाडीत पोरांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती जरूर घ्या, पोरांना द्या. पण गोळी आतले जंत मारते, माती बदलत नाही. वस्तीत संडास नसेल, पाणी नसेल, पायात चप्पल नसेल, तर जंत परत येणारच. हाताने मैला साफ करायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी माणसं गटारात उतरवली जातातच.

आजीच्या ओव्याला आम्ही हसत नाही. तिच्या हाताशी जे होतं त्याने ती लेकरं जगवत होती. पण तिच्या नातवंडांना तपासलेलं औषधही हवं आणि पायाखाली स्वच्छ जमीनही. दोन्ही आमचा हक्क आहे.

जय भीम!