नमुन्याची वही

स्मरणिकेचे विषय वाटले गेले तेव्हा कुणाच्या वाट्याला स्नेहसंमेलने आली, कुणाच्या वाट्याला कबड्डीचा संघ, आणि मला मिळाला ‘कार्यानुभव’. हसू नका. शाळेच्या जुन्या नोंदींत या विषयाला एकच रकाना आहे, श्रेणीचा. त्यामुळे हा इतिहास मला दप्तरखान्यात कमी आणि मैत्रिणींच्या ट्रंकांत जास्त सापडला. आमच्या १९८४च्या तुकडीतल्या मुलींनी, त्यांच्या मोठ्या बहिणींनी आणि काही ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी जपलेल्या वह्या, फायली आणि दोन टकळ्या समोर ठेवून हे लिहीत आहे.

सुरुवात टकळीपासूनच करायला हवी. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला आणि पुढच्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने तो उचलून धरला. हीच नई तालीम. मुलाने हाताने उपयोगी वस्तू करावी आणि ती करताकरता गणित, भूगोल, भाषा शिकावी, अशी ती कल्पना. वर्धा तेव्हा आपल्याच प्रांतात, मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात गेला तो १९५६मध्ये. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे दुरून आलेली नव्हती. आणि कापूस तर दारात. १८७०मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा निघाला तोच मुळी कापसासाठी, उद्घाटनाला गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. आपला कापूस गाठी होऊन मुंबई बंदरातून बाहेर जाई आणि शिवणाचा दोरा विलायती रिळांवर गुंडाळून परत येई. टकळीमागे हा राग होता, हे पन्नासच्या दशकात सूत कातणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना ठाऊक होते. आम्हाला ते कुणी सांगितले नाही.

त्या ज्येष्ठांपैकी एकांच्या वहीत सुताचा हिशेब आहे. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. गुंडी म्हणजे ६४० तार, आजच्या मापात सुमारे ७८० मीटर. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे आणि मग कातणे, अशी सगळी वाट त्या वहीत पायरीपायरीने लिहिली आहे. एका पानावर गुरुजींचा शेरा आहे: ‘सूत जाडेभरडे.’ गुणाकार मात्र बरोबर असल्याची खूण आहे. नई तालीमचा सारा हेतू त्या दोन खुणांत दिसतो, आणि तिची अडचणही. सूत बरे आले नाही तरी गणिताचे गुण मिळत होते.

पुढे टकळी मागे पडली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. १९७५मध्ये आपल्याकडे अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली. १९७७मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याच गोष्टीला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे जड नाव दिले. वर नावे बदलत राहिली आणि खाली वर्गात एक गोष्ट पक्की होत गेली: मुलांना पुठ्ठाकाम, खडू आणि बुकबाइंडिंग, मुलींना शिवण. आमच्या वर्गातल्या एका मुलाला शिवणाला बसायचे होते, त्याचे वडील शिंपी होते. त्याला प्लास्टर ऑफ पॅरिसचे खडू पाडायला पाठवले गेले. गंमत अशी, की तेव्हा मेहकरच्या बाजारात मशिनीवर बसलेला प्रत्येक माणूस पुरुष होता. पैशासाठी शिवायचे ते पुरुषाने आणि श्रेणीसाठी शिवायचे ते मुलीने, असा तो हिशेब होता.

आता फायलींकडे येते. मांजरपाटाचे सहा इंचांचे चौकोन, प्रत्येकावर एक टाका, आणि तो तुकडा जाड कागदावर चिकटवून खाली नाव. धावदोरा, उलटी टीप, हेम, साखळी, काज, मच्छीकाटा, लेझी डेझी. मग गुंडी लावणे, ठिगळ लावणे, झबले, टोपडे. आज कुणाला हे क्षुल्लक वाटेल. पण ठिगळाचे पान नीट पाहा. चौकटीच्या कापडाला ठिगळ लावताना रेघ रेघेला मिळाली पाहिजे, नाहीतर बाई उसवायला लावत. घरी माय गोधडी शिवताना जुन्या लुगड्याचे काठ जसे जुळवून घेई, तीच नजर इथे लागे. फरक इतकाच, की मायच्या कामाला ‘नमुना’ म्हणण्याचे कुणाला सुचले नाही.

नमुना कागदावरून कापडावर कसा जाई, हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण आमच्या मुलींना ते ठाऊक नाही. कार्बन पेपर सगळ्यांकडे नसे. मग बटर पेपरवर चित्र उतरवायचे, खाली घडी घातलेली चादर ठेवायची आणि टाचणीने रेघेवर बारीक, लागून लागून भोके पाडायची. हा खाका. तो कापडावर घट्ट धरायचा, रॉकेलमध्ये थोडी नीळ कालवायची आणि कापसाच्या बोळ्याने वरून हलके पुसायचे. भोकांतून निळे ठिपके खाली उमटत. रॉकेल उडून जाई, ठिपके राहत आणि भरतकाम झाल्यावर धुण्यात निघून जात. बोळा जास्त ओला झाला तर डाग पसरे, म्हणून आधी तो कागदावर टिपून घ्यायचा. एक खाका वीसपंचवीस उशांच्या अभ्र्यांना पुरे. उलटा ठेवला की उजवीकडे पाहणारा मोर डावीकडे पाही, म्हणजे जोडीचा मोर फुकट. आपल्या गावातल्या किती घरांत तो एकच मोर भिंतीवर, उशीवर आणि टेबलक्लॉथवर नाचला असेल! तो मूळ कुणी काढला हे विचारायचे नसे. जिच्याकडे खाका, तिच्याकडे दुपारी गर्दी.

ही देवाणघेवाण जगात जुनी आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्गला भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तके १५२०च्या दशकातच छापली जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या प्रकाशकांनी चौकटींच्या कागदावर रंग भरून नमुने विकायला काढले: एक चौकट, एक टाका. आपण मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने जे ‘सुस्वागतम्’ आणि बदकांची जोडी भरली, ती या बर्लिनच्या कागदाची दूरची नात म्हणायची. १८६३मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी कट विकायला सुरुवात केली आणि घरच्या बाईला बेतणे सोपे झाले. आपल्याकडे तो कट वर्तमानपत्राचा असे. छातीच्या मापाचा चौथा भाग घ्या, शिलाईचे सोडा, मुंढा काढा. नाहीतर सरळ जुना ब्लाउज उसवून तो कागदावर ठेवा. माझ्या माहितीतल्या निम्म्या जणी दुसऱ्या पद्धतीनेच शिकल्या आणि त्यांचे ब्लाउज काही वाईट बसत नव्हते.

विणकामाच्या वह्या मला सर्वांत आवडतात, कारण त्यांची भाषा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. एका वहीतला रुमालाचा मजकूर असा: सहा साखळ्या, वर्तुळ जोडा, तीन साखळ्या, वर्तुळात पंधरा खांब, पुढच्या ओळीत फुली ते फुली एक खांब, एक साखळी, असे सोळा वेळा. फुली म्हणजे ‘इथून पुन्हा’. मासिकात छापलेला नमुना एकीने उतरवून घ्यायचा, दुसरीने तिच्याकडून, तिसरीने दुसरीकडून, आणि वाटेत एखादा खांब गळायचा. मग रुमाल द्रोणासारखा वर उचलला जाई आणि कुठल्या ओळीत चूक झाली यावर ओट्यावर सभा भरे. आणखी एक गोष्ट मला पुढे कळली. क्रोशाच्या ज्या टाक्याला इंग्लंडमध्ये एक नाव, त्याला अमेरिकेत दुसरे, आणि एकाचे नाव दुसऱ्याच्या भलत्याच टाक्याला दिलेले. पुस्तक कुठल्या देशातले ते पाहिल्याशिवाय सुई हातात घेता येत नाही. मराठीतला खांब आणि मुका खांब यांत असा घोळ नाही. हे शब्द ज्या बायकांनी घडवले त्यांची नावे कोशात नाहीत, पण काम चोख आहे.

एक गोष्ट मात्र फायलीत बसली नाही, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. मेहकर–लोणार भागातल्या तांड्यांवरून मुली आपल्या शाळेत येत. त्यांच्यातली एक माझ्या बाकावर होती. एकदा ती आईची जुनी कांचळी दप्तरात घालून घेऊन आली. आरसे, कवड्या, आणि मधल्या पट्टीत लाल-पिवळ्या दोऱ्यांची इतकी घट्ट भरण, की खालचे कापड दिसेना. ना खाका, ना निळीचे ठिपके. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा, नमुना डोक्यात. बाईंनी ती कांचळी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सगळ्या वर्गाला मागची बाजू दाखवली. कुठेही गाठ लोंबत नव्हती. “हे कसं शिकलीस?” त्यांनी विचारले. “याडीनं शिकवलं,” ती म्हणाली. याडी म्हणजे आई.

पण परीक्षेला पाने ठरलेली होती. धावदोरा, उलटी टीप, हेम. तिला येत असलेल्या टाक्यांना आमच्या यादीत नाव नव्हते, म्हणून पान नव्हते आणि म्हणून गुणही नव्हते. बाईंनी नियम मोडला नाही. तिची कांचळी मात्र त्या वर्षीच्या प्रदर्शनात मधल्या टेबलावर ठेवली. तिला श्रेणी ‘क’ मिळाली. नववीनंतर ती शाळेत आली नाही. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिथल्या बायकांचे काम परदेशी जाऊ लागले, हे वाचले तेव्हा मला ते मधले टेबल आठवले. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर आज फेटिया-कांचळी नेसणाऱ्या म्हाताऱ्या थोड्याच उरल्या आहेत, आणि त्यांचे नमुने कागदावर कधी उतरलेच नाहीत. मासिकातला रुमाल हरवला तरी तो दुसरीच्या वहीत सापडतो. तांड्यावरचा नमुना म्हातारीबरोबर जातो.

ज्यांची पाने फायलीत होती त्यांचे काय झाले? आमच्या तुकडीतल्या मला माहीत असलेल्या चार जणींचे घर शिवणावर चालले. एकीचा नवरा लवकर गेला. तिने उषा मशिनीवर पिको-फॉलपासून सुरुवात केली आणि आज दोन शाळांचे गणवेश तिच्याकडे शिवले जातात. तिने फाइल मला दिली नाही, नुसती दाखवली. काजाच्या पानावर बाईंची लाल सही आहे. “याच पानावर माझी पोरं शिकली,” ती म्हणाली. श्रेणीचा रकाना लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आणि खडू पाडायला गेलेला तो मुलगा? तो वडिलांच्या दुकानात बसला, शाळेने न शिकवलेले घरी शिकला, आणि आता लग्नाच्या शेरवान्या शिवतो.

नव्वदीनंतर विषयाचा सूर बदलला. स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलचा ताजमहाल, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, लोकरीचे गोंडे तयार मिळू लागले. आईबाप आदल्या संध्याकाळी जाऊन ‘प्रोजेक्ट’ घेऊन येत. थर्माकोलची ताटे-वाट्या तरी २०१८च्या बंदीने गेल्या. तयार आणण्याची सवय राहिली. रुखवतातल्या वस्तूसुद्धा आता भाड्याने मिळतात, हे ऐकून आमच्या पिढीला धक्का बसतो, पण मला त्यात फारसे वाईट वाटत नाही. रुखवतासाठी डोळे फोडून घेतलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत. वाईट वाटते ते ठिगळाचे. फाटलेले कापड नीट जोडता येणे ही हौस नव्हती, गरज होती, आणि ती अजून संपलेली नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, कुंभार, कारागिरांकडे शिकावे. आपल्या शाळेने हे दहा दिवस धरले तर पहिल्या दिवशी कुणाला बोलवावे, याची माझ्याकडे दोन नावे तयार आहेत. एक गणवेश शिवणारी मैत्रीण. दुसरी त्या बाकावरच्या मुलीची धाकटी बहीण, ती तांड्यावरच राहते आणि धागे मोजून टाका घालणे तिला अजून येते. मी तिला विचारले आहे. ती म्हणाली, मुलगेपण बसणार असतील तर येईन.

संमेलनाच्या दिवशी जुन्या चित्रकलेच्या वर्गात या वह्या, फायली, टकळ्या आणि खाके मांडायचे ठरले आहे. तुमच्याकडे असेल ते आणा, त्यावर नाव आणि तुकडीचे वर्ष लिहा. प्रत्येक पानाचा फोटो काढून वस्तू त्याच दिवशी परत दिली जाईल. तांड्यावरच्या मैत्रिणींनी कांचळी, टुकरी, पिशवी काहीही आणले तरी चालेल; त्या टेबलावर पान-क्रमांक विचारला जाणार नाही.