पर्यायी स्वरलेखन पद्धतींची संगणकीय मांडणी

पर्यायी स्वरलेखन पद्धतींची संगणकीय मांडणी म्हणजे पाच रेषांच्या प्रचलित पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनहून वेगळ्या पद्धतीने लिहिले जाणारे संगीत स्वरलेखनाच्या संगणकप्रणालीत नोंदवणे, पडद्यावर दाखवणे व छापणे होय. स्वरलेखनाच्या बहुतेक प्रणाली पाच रेषांचा स्टाफ गृहीत धरून तयार झाल्या आहेत. त्यामुळे अन्य पद्धतीची मांडणी करताना प्रणालीतील मूळ नियम बदलावे लागतात किंवा त्यांना पूरक आज्ञावली जोडावी लागते. प्रणाली स्वराची नोंद आणि त्याचे दृश्य चिन्ह या दोन गोष्टी किती प्रमाणात वेगळ्या ठेवते, यावर अशा मांडणीचे यश अवलंबून असते.

पार्श्वभूमी

पाच रेषांच्या स्टाफवर सप्तकातील सात मूळ स्वरांनाच स्वतंत्र जागा असते. उरलेले पाच स्वर शार्प किंवा फ्लॅट या चिन्हांच्या साहाय्याने दाखवले जातात. परिणामी सी ते ई आणि डी ते एफ ही दोन अंतरे कागदावर सारखीच दिसतात; प्रत्यक्षात पहिल्या अंतरात चार अर्धस्वर असतात, तर दुसऱ्यात तीन.

ही व अशा प्रकारच्या अडचणी दूर करण्यासाठी वेळोवेळी नव्या पद्धती मांडल्या गेल्या. फ्रेंच विचारवंत ज्याँ-जाक रूसो याने १७४२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे अंकांवर आधारित स्वरलेखन सादर केले. अमेरिकेत १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ईझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकात स्वरांच्या नावांनुसार चार वेगवेगळे आकार वापरण्यात आले. त्यातून ‘शेप नोट’ ही परंपरा रूढ झाली. ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग याने १९२४ मध्ये बारा स्वरांसाठी नवे लेखन सुचवले. नेदरलँड्समधील कॉर्नेलिस पॉट याने १९३१ मध्ये ‘क्लावारस्क्रिबो’ ही पद्धत मांडली. तिच्यात उभ्या रेषा पियानोच्या काळ्या पट्ट्यांप्रमाणे दोन व तीनच्या गटांत असतात आणि संगीत वरून खाली वाचले जाते.

अशा पद्धतींपुढील एक मोठी अडचण छापील संगीताच्या अभावाची होती. नव्या पद्धतीत संगीत उपलब्ध नसल्याने वाचक मिळत नसत आणि वाचक नसल्याने प्रकाशक ते छापण्यास धजावत नसत. प्रत्येक रचना हाताने पुन्हा लिहावी लागे. एकदा नोंदवलेली रचना हव्या त्या पद्धतीत उतरवण्याची सोय झाल्यामुळे संगणकाने या कोंडीतून काही प्रमाणात वाट काढली.

स्वराची नोंद आणि चिन्ह

संगणकात स्वर अनेक प्रकारे नोंदवला जातो. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडी या मानकात प्रत्येक स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो. मध्य सी या स्वराचा क्रमांक ६० असून त्यावरील एफ शार्प आणि जी फ्लॅट या दोहोंचा क्रमांक ६६ हाच आहे. म्यूझिक एक्सएमएल या स्वरूपात मात्र स्वराचे नाव, त्यातील चढ वा उतार आणि सप्तक अशी तीन अंगे स्वतंत्रपणे साठवली जातात. त्यामुळे एफ शार्प आणि जी फ्लॅट यांतील भेद कायम राहतो.

बारा समान पायऱ्यांच्या पद्धतीसाठी मिडीची नोंद पुरेशी ठरते. परंतु मिडीवरून पारंपरिक स्टाफकडे परतायचे झाल्यास स्वराचे मूळ नाव अंदाजाने ठरवावे लागते. म्हणून रूपांतरासाठी अधिक माहिती जपणारे स्वरूप सोयीचे मानले जाते.

लिलीपाँडमधील क्रोमॅटिक स्टाफ

लिलीपाँड ही हान-वेन नीनहाउस व यान न्यूवेनहाउझेन या डच विकासकांनी १९९६ मध्ये सुरू केलेली मुक्त प्रणाली आहे. तिच्यात संगीत साध्या मजकुराच्या रूपात लिहिले जाते आणि पानाची आखणी प्रणाली स्वतः करते. स्वर कोणत्या उंचीवर काढायचा हे ठरवणारे गणित वापरकर्त्याला बदलता येते. स्टाफच्या या गुणधर्माचे मूळ मूल्य स्वरनामांची पायरी मोजते. त्याऐवजी अर्धस्वर मोजणारे मूल्य दिल्यास प्रत्येक अर्धस्वराला स्वतंत्र जागा मिळते.

या मांडणीचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. उंचीचे गणित अर्धस्वरांवर आणणे.
२. मध्य सीचे स्थान ठरवणे. स्टाफची मधली रेषा शून्य मानून हे स्थान उणे ६ ठेवल्यास सी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प व ए शार्प हे स्वर रेषांवर येतात आणि उरलेले सहा स्वर रेषांमधील जागांत येतात.
३. रेषांची संख्या व त्यांची स्थाने पद्धतीनुसार बदलणे.
४. शार्प-फ्लॅटची चिन्हे, क्लेफ आणि की सिग्नेचर काढणारे घटक बंद करणे. ही चिन्हे तशीच राहिल्यास वाचकाची दिशाभूल होते.
५. आवश्यक असल्यास स्कीम या भाषेतील लहान आज्ञावलीने स्वरानुसार नोटचा आकार किंवा रंग बदलणे.

वरील मांडणीत मध्य सी स्टाफखालील पहिल्या पूरक रेषेवर, तर त्यावरच्या सप्तकातील सी स्टाफवरील पहिल्या पूरक रेषेवर येतो. चार अर्धस्वरांचे अंतर कोठूनही सुरू केले तरी सारखेच दिसते. हे सर्व बदल स्टाफच्या व्याख्येत होतात, रचनेच्या मजकुराला हात लावावा लागत नाही. त्यामुळे म्यूटोपिया प्रकल्पासारख्या मुक्त संग्रहातील लिलीपाँड फाइली थोड्याशा बदलाने नव्या पद्धतीत छापता येतात.

अन्य प्रणाली

म्यूझस्कोर या मुक्त प्रणालीत स्टाफमधील रेषांची संख्या व त्यांतील अंतर बदलता येते. शेप नोटसाठी चार व सात आकारांचे संच तिच्यात आधीपासून उपलब्ध आहेत. यापलीकडील बदलांसाठी पूरक आज्ञावली लिहावी लागते. १९८८ पासून प्रचलित असलेल्या फिनाले या व्यावसायिक प्रणालीतही स्टाफच्या रेषा व नोटांचे आकार बदलण्याची सोय होती. तिचा विकास थांबवत असल्याचे उत्पादकांनी २०२४ मध्ये जाहीर केले. खासगी स्वरूपात साठवलेले संगीत अशा वेळी अन्यत्र नेण्याचा प्रश्न निर्माण होतो. त्यातही नेहमीपेक्षा वेगळी मांडणी म्यूझिक एक्सएमएलमधून पूर्णपणे उतरतेच असे नाही.

हिंदुस्थानी स्वरलिपीची मांडणी

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी देवनागरी अक्षरांवर आधारित स्वतंत्र स्वरलिप्या घडवल्या. या दोन्ही स्वरलिप्यांत काही चिन्हे समान असली तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. अक्षरावरील ठिपका भातखंडे पद्धतीत तार सप्तक दर्शवतो, तर पलुस्कर पद्धतीत मंद्र सप्तक. अक्षरावरील उभी रेषा भातखंडे पद्धतीत तीव्र मध्यमाची खूण आहे. पलुस्कर पद्धतीत तीच तार सप्तकाची खूण ठरते. म्हणून केवळ चिन्हे साठवलेली बंदिश दुसऱ्या स्वरलिपीत उतरवता येत नाही. स्वर, त्याचा प्रकार व सप्तक यांची नोंद आवश्यक ठरते.

सामान्य देवनागरी टंकलेखनात आणखी काही अडचणी येतात. तार षड्जासाठी अनेकदा ‘सां’ असे लिहिले जाते. वाचकाला तो ठिपका सप्तकाची खूण वाटतो, पण संगणकाच्या दृष्टीने तो अनुस्वारच असतो. मंद्र गंधारासाठी नुक्ता वापरल्यास संगणकाच्या लेखी हिंदी-उर्दूतील ‘ग़’ हे अक्षर तयार होते. युनिकोडमधील उदात्त व अनुदात्त ही वैदिक चिन्हे दिसण्यास अनुक्रमे उभ्या व आडव्या रेषेसारखी असल्याने तीव्र व कोमल स्वरांसाठी उपयोगी पडतात. मंद्र कोमल निषादात मात्र रेषा व ठिपका दोन्ही अक्षराखाली येतात आणि त्यांची योग्य रचना फाँटवर अवलंबून राहते.

सरगमलेखन षड्जसापेक्ष असते, हा आणखी एक महत्त्वाचा भेद आहे. पांढरी एक हा षड्ज मानल्यास एफ शार्प हा तीव्र मध्यम होतो. काळी एक हा षड्ज मानल्यास तोच स्वर शुद्ध मध्यम ठरतो. त्यामुळे स्टाफ नोटेशनवरून सरगम तयार करताना षड्ज कोणता हे प्रणालीला आधी सांगावे लागते. ताल व विभाग, सम, टाळी व खाली यांची माहितीही स्वतंत्रपणे पुरवावी लागते.

मर्यादा

क्रोमॅटिक स्टाफवर एका सप्तकासाठी सातऐवजी बारा पायऱ्या लागतात. पायऱ्यांमधील अंतर तेवढेच ठेवल्यास उभी जागा सुमारे १.७ पट वाढते आणि पियानोसारख्या मोठ्या आवाक्याच्या वाद्यांसाठी पाने वाढतात. काही पद्धतींत नोटचा काळा वा पांढरा रंग स्वर ओळखण्यासाठी वापरला जातो. पारंपरिक लेखनात हाच रंग अर्ध्या व पाव नोटमधील कालभेद दाखवत असल्याने कालमानासाठी दुहेरी दांडीसारखे वेगळे चिन्ह योजावे लागते. एफ शार्प व जी फ्लॅट यांना एकच जागा मिळाल्यामुळे स्वरसंवादाच्या विश्लेषणासाठी उपयुक्त असलेला भेद नाहीसा होतो. हिंदुस्थानी संगीतातील श्रुती, मींड व आंदोलन यांचे पूर्ण चित्रणही बारा पायऱ्यांत होत नाही; स्वरलिपी तेथे गुरुमुखातून मिळालेल्या शिक्षणाला पूरक ठरते.